कापूस गेला, गाणें आलें

बुलढाणा जिल्ह्याचा आणि जपानी गाण्यांचा संबंध काय, असा प्रश्न आजच्या भाषणाचा विषय ऐकून पुष्कळांच्या मनांत आला असेल. सिंदखेडराजा, लोणार, शेगांव हीं आमच्या जिल्ह्यांतलीं नांवें सर्वांच्या परिचयाचीं आहेत. त्यांत टोकिओ आणि ओसाका कोठून आलीं? प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर देण्यासाठीं मला गाण्यापासून नव्हे, कापसापासून सुरुवात केली पाहिजे.

१८७० सालीं व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगांवास आले. जलंबहून खामगांवपर्यंतचा आगगाडीचा आठ मैलांचा फांटा आणि तेथील कापसाचा बाजार यांचें उद्घाटन त्यांच्या हस्तें झालें. त्या काळीं खामगांव ही वऱ्हाडांतील कापसाची मोठी पेठ होती. भोंवतालच्या काळ्या जमिनींतला कापूस बैलगाड्यांतून येथें येई, सरकी वेगळी होई, रुईच्या गांठी बांधल्या जात आणि त्या आगगाडीनें मुंबई बंदराला रवाना होत. प्रथम त्यांचा रोख युरोपकडे असे. पुढें १८९३ सालीं जमशेटजी टाटा आणि जपानची निप्पॉन यूसेन कैशा ही आगबोट कंपनी यांनीं मिळून मुंबई ते कोबे अशा बोटी सुरू केल्या, त्या मुख्यतः कापसासाठींच. ओसाका येथें १८८३ सालीं एक मोठी सूतगिरणी चालू झाली होती, आणि तिच्यामागून निघालेल्या गिरण्यांना हिंदी कापूस हवा होता.

हा कापूस जगाच्या बाजारांत ज्या नांवानें विकला जाई तें नांव ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. वऱ्हाड-खानदेशच्या मालाला व्यापारी ‘ऊमरा’ म्हणत, म्हणजे उमरावतीचा. कापूस मेहकरचा असो, चिखलीचा असो कीं मलकापूरचा असो, व्यापाऱ्याच्या वहींत तो ऊमराच. पिकविणाऱ्याचें नांव तर राहोच, पण त्याच्या गांवाचें नांवहि त्या मालाबरोबर समुद्रापार जात नसे. या गोष्टीकडे मला शेवटीं पुन्हां यावयाचें आहे.

जपानच्या सूतगिरण्यांत काम करणाऱ्यांत बहुसंख्या तरुण मुलींची होती. खेड्यापाड्यांतून करारानें आणलेल्या, गिरणीच्याच वसतिगृहांत डांबल्यासारख्या राहणाऱ्या, बारा-बारा तास आणि रात्रपाळीलाहि चात्यांपुढें उभ्या असणाऱ्या या मुलींनीं स्वतःचीं गाणीं रचलीं होतीं. माहेरची आठवण आणि मुकादमाचा जाच हेच त्यांचे विषय. जपानी अभ्यासकांनीं तीं गाणीं जमवून ठेवलीं आहेत. आमच्याकडे बायका जात्यावर बसून जें करीत, तेंच त्या चात्यांच्या गोंगाटांत करीत होत्या. त्यांच्या बोटांमधून जो धागा गेला त्यांत आमच्या काळ्या जमिनीचाहि अंश असेल. परंतु कापूस तिकडे पोंचला तरी गाणें मात्र इकडे यावयास फार वर्षें लागलीं. सामान्य मराठी घराला जपानी भाषेंतला एकच शब्द गाण्यांतून कळला, तो म्हणजे ‘सायोनारा’. आणि तोहि १९६६ सालच्या ‘लव्ह इन टोकिओ’ या हिंदी बोलपटांतून, लता मंगेशकरांच्या आवाजांत.

माझ्या घरांत जपानी गाणें शिरलें तें अलीकडे. माझी पुतणी पुण्यास शिकते. एका दिवाळीला ती खामगांवीं आली तेव्हां तिच्या मोबाइलवर सकाळ-संध्याकाळ जपानी गाणीं वाजूं लागलीं. गायक-गायिकांचीं नांवें तिला अशीं पाठ, जशीं आमच्या लहानपणीं आम्हांला क्रिकेटच्या खेळाडूंचीं. मीं थट्टेनें म्हटलें, ‘अग, शब्द एक कळत नाहीं, आणि डोळे कसले मिटतेस?’ ती म्हणाली, ‘काका, तराण्याचे शब्द तुम्हांला कळतात का?’ याला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. थोड्या वेळानें तिनें एक जुनें गाणें लावलें. तरुण पुरुषाचा हलका आवाज, आणि मध्येंच नुसती शीळ. दोन ओळी ऐकल्या नाहींत तोंच माझ्या तोंडून निघून गेलें, ‘हा तर भूपाचा भाऊ!’

त्या दिवसापासून थट्टा संपली आणि शोध सुरू झाला. पुतणीला गाणीं आवडत. मला त्यांचा इतिहास हवा झाला. तो इतिहासच मी आज थोडक्यांत सांगणार आहें. नांवें जपानी रीतीप्रमाणें घेतों. त्यांत आडनांव आधीं येतें.

प्रथम भूपाविषयीं. १८६८ नंतर जपाननें पाश्चात्य विद्या झपाट्यानें आत्मसात केल्या, त्यांत संगीतहि होतें. इझावा शूजी या शिक्षणतज्ज्ञानें लूथर मेसन या अमेरिकन शिक्षकाच्या साहाय्यानें १८८० नंतर शाळांसाठीं गीतपुस्तकें तयार केलीं. त्यांत स्कॉटलंडच्या चालीहि घेतल्या, कारण त्यांतील कित्येक पांच स्वरांच्या असल्यामुळें जपानी कानांना परक्या वाटल्या नाहींत. या स्वरमालेला जपानींत ‘योनानुकि’ असें नांव पडलें. यो म्हणजे चौथा, ना म्हणजे सातवा, आणि नुकि म्हणजे वगळलेला. चौथा मध्यम आणि सातवा निषाद वगळला कीं सा, रे, ग, प, ध उरतात. आणि हेच आमच्या भूपाचे स्वर. कोतो आणि शामिसेन या वाद्यांवरील जुन्या संगीतांत आणखी एक पंचस्वरी माला आहे, तिच्यांत सा, कोमल रिषभ, मध्यम, पंचम आणि कोमल धैवत येतात. जाणकार श्रोते लागलीच म्हणतील कीं, ही तर आमची गुणक्री! अर्थात् राग म्हणजे केवळ स्वरांची यादी नव्हे. चलन, न्यास, वादी-संवादी यांवांचून राग उभा राहत नाहीं. जपानी गवई भूप गातो असें माझें म्हणणें नाहीं. परंतु घर निराळें असलें तरी उंबरठा ओळखीचा आहे, एवढें म्हणावयास हरकत नाहीं.

जपानच्या लोकप्रिय गाण्याचा आरंभ जेथें मानतात तेथेंहि मराठी माणसाला ओळखीचें दृश्य दिसतें. १९१४ सालीं टोकिओच्या इंपीरियल थिएटरांत टॉल्स्टॉयच्या ‘रिझरेक्शन’ या कादंबरीवरून केलेलें नाटक लागलें. नाटकमंडळीचे चालक शिमामुरा होगेत्सु, आणि नायिकेच्या भूमिकेंत मात्सुई सुमाको. होगेत्सुंनीं नाकायामा शिंपेइ या तरुण संगीतकाराला सांगितलें कीं, चाल धड जपानी लोकगीताची नको आणि धड युरोपियनहि नको. दोहोंच्या मधली हवी. नाकायामांनीं ती दिली, सुमाकोनें ती गाइली, आणि त्या गाण्याची तबकडी निघून सबंध जपानभर पोंचली. नाटकांतलें पद प्रेक्षागृहाबाहेर पडलें आणि रस्त्यावरच्या माणसाचें झालें.

आपल्याकडे याच्या तीनच वर्षें आधीं, १२ मार्च १९११ रोजीं, ‘मानापमान’ रंगभूमीवर आलें होतें. गोविंदराव टेंब्यांच्या चाली आणि बालगंधर्वांची भामिनी यांनीं महाराष्ट्र वेडा केला. त्याच दिवशीं बालगंधर्वांची लहान मुलगी वारली होती आणि तरीहि ते प्रेक्षकांसमोर उभे राहिले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तिकडे होगेत्सु १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या सांथींत, ५ नोव्हेंबरला वारले. सुमाको त्यानंतर दोन महिने भूमिका करीत राहिली आणि ५ जानेवारी १९१९ रोजीं तिनें आपल्या हातांनीं आपलें जीवन संपविलें. तिच्या तबकड्या मात्र वाजत राहिल्या. तबकडीला गाणाऱ्याचें दुःख कळत नाहीं. तें ऐकणाऱ्यानेंच विचारून घ्यावें लागतें.

आमच्या आजोबांच्या घरीं भोंग्याचा ग्रामोफोन होता. कापसाचे पैसे हातीं आले कीं पहिली खरेदी बालगंधर्वांच्या तबकडीची. आजी म्हणे, ‘तबकडी यंदा, आणि लुगडें पुढल्या वर्षीं!’ ती हें हंसत सांगे, पण त्यांतलें दुखणें मला मोठेपणीं कळलें. रसिकाच्या हौसेची किंमत पुष्कळदां घरांतलें दुसरेंच कोणी तरी मोजीत असतें. आजोबांना याची जाणीव नव्हती असें नाहीं. पण गंधर्वांचा सूर लागला कीं ती जाणीव विरघळून जाई. आणि इतक्या रसिकांचें प्रेम लाभूनहि गंधर्वांच्या मागचें कर्जाचें ओझें हलकें झालें नाहीं. १९६७ सालीं ते गेले ते विपन्नावस्थेंतच.

१९२७-२८ च्या सुमारास विदेशी तबकडी-कंपन्यांनीं जपानांत आपले कारखाने उभारले आणि तेथें गाणें हा मोठा धंदा झाला. १९३१ सालीं कोगा मासाओ या संगीतकाराचें एक उदास गीत अतोनात खपलें. त्याचा गायक टोकिओच्या संगीत विद्यालयांतला विद्यार्थी होता. बाजारी गाणीं गाणें विद्यालयाला मान्य नव्हतें, म्हणून मासुनागा ताकेओ हें आपलें खरें नांव लपवून त्यानें फुजियामा इचिरो हें नांव घेतलें. तरी गोष्ट उघडकीस आली आणि त्याला कांहीं काळ विद्यालयाबाहेर राहावें लागलें. पुढें जग त्याला त्या खोट्या नांवानेंच ओळखूं लागलें.

त्याच सुमारास आमच्या शेतकऱ्यावर संकट आलें. मंदीमुळें कापसाचा भाव आधींच बसला होता. १९३३ सालीं हिंदुस्थान सरकारनें जपानी कापडावरची जकात वाढवितांच जपानी गिरण्यांनीं हिंदी कापसावर बहिष्कार घातला. १९३४ च्या आरंभीं तडजोड झाली: जपाननें वर्षाला १० लाख गांठी हिंदी रुई घ्यावी, आणि त्याच्या मोबदल्यांत ३२॥ कोटी यार्ड जपानी कापड हिंदुस्थानांत येऊं द्यावें. दिल्लींत हे आंकडे ठरले; त्यांचा अर्थ खामगांवच्या बाजारांत कापसाच्या गाडीजवळ बसलेल्या माणसाला कळला. त्या वर्षीं आजोबांनीं तबकडी घेतली नाहीं, असें आजी सांगे. आणि लुगडेंहि आलें नाहीं.

पुढें महायुद्ध आलें. १९४३ सालीं जपानी सरकारनें सुमारें एक हजार अमेरिकन व ब्रिटिश गाण्यांवर बंदी घातली. १९३७ पासून ‘ब्लूज’ची राणी म्हणून गाजलेली आवाया नोरिको हिनें मात्र सरकारमान्य साधा पोशाख घालण्याचें नाकारलें आणि सैनिकांपुढेंहि ती नटूनथटून, आपल्याच ढंगानें गाइली. आणि १९४५ च्या ऑगस्टमध्यें युद्ध संपलें तेव्हां टोकिओ राखेचा ढिगारा झालें होतें. त्याच ऑक्टोबरांत आलेल्या एका बोलपटांत नामिकी मिचिको ही तरुणी सफरचंदाविषयींचें एक साधें, आनंदी गाणें गाइली. अर्धपोटीं राहणाऱ्या देशानें तें उचलून धरलें. गाणारीच्या आईचा अंत मार्चमधल्या टोकिओवरील बाँबहल्ल्यांत झाला होता. एवढें माहीत झाल्यावर तें आनंदी गाणें पुन्हां ऐकावें. सूर तेच असतात, ऐकणारा मात्र बदललेला असतो.

यानंतर मिसोरा हिबारीचें युग आलें. योकोहामाच्या एका मासळीविक्याची ही मुलगी १९४९ सालीं, बाराव्या वर्षीं, देशभर गाजली आणि पुढें चाळीस वर्षें जपानच्या हृदयावर तिचें राज्य होतें. १९८९ सालीं ती वारल्यावर सरकारनें तिला राष्ट्राचा जनसन्मान पुरस्कार दिला. तो मिळविणारी ती पहिलीच स्त्री. पण याच हिबारीवर १३ जानेवारी १९५७ रोजीं टोकिओच्या नाटकगृहांत अॅसिड फेंकण्यांत आलें होतें. फेंकणारी शत्रू नव्हती. तिच्याच वयाची, तिच्यासाठीं वेडी झालेली एक मुलगी होती. सुदैवानें हिबारी बरी होऊन पुन्हां गाऊं लागली. रसिकतेच्या इतिहासांत हें पान आहे, तें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. आवड ही ज्या क्षणीं मालकी होऊं पाहते, त्या क्षणीं ती गाणाऱ्याच्या जिवावर उठते. दूरचा श्रोता असण्यांत हा एक गुण आहे कीं, तो मागतो थोडें.

आतां ज्या गाण्यांत मला भूपाचा भास झाला त्याची हकीकत. त्याचा गायक साकामोतो क्यू, संगीतकार नाकामुरा हाचिदाइ आणि कवि एइ रोकुसुके. वर्ष १९६१. मूळ नांवाचा अर्थ ‘वर पाहात चालूं या’ असा आहे. अश्रू खालीं पडूं नयेत म्हणून मान वर करून चालणाऱ्या एकट्या माणसाचें तें मनोगत आहे. अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा-कराराविरुद्ध १९६० सालीं झालेलें जपानी तरुणांचें आंदोलन विफल झालें, त्या खिन्नतेंतून कवीला हें गीत सुचलें असें सांगतात. १९६३ सालीं हें गाणें अमेरिकेंत इतकें गाजलें कीं, जूनमध्यें तीन आठवडे तेथील विक्रीच्या यादींत तें पहिल्या क्रमांकावर होतें. त्यापूर्वीं आशियांतल्या कोणत्याहि गायकाला हा मान मिळाला नव्हता.

परंतु अमेरिकेंत तें कोणत्या नांवानें गाजलें? ‘सुकियाकी’ या नांवानें! मूळ नांव पाश्चात्यांना उच्चारतां येईना, म्हणून इंग्लंडांतल्या एका तबकडीवाल्यानें ठाऊक असलेला एक जपानी शब्द त्याला चिकटविला. सुकियाकी हें गोमांसाच्या पातळ कापांचें आणि भाज्यांचें एक पक्वान्न आहे. गाण्याशीं त्याचा कांडीमात्र संबंध नाहीं. आमचें एकादें करुण नाट्यपद विलायतेंत ‘पुरणपोळी’ या नांवानें विकलें गेलें असतें तर आपल्याला काय वाटलें असतें? लाखों लोकांनीं त्या गाण्यावर मनापासून प्रेम केलें, आणि तें कशाविषयीं आहे हें त्यांतील बहुतेकांना ठाऊक नव्हतें. साकामोतो १२ ऑगस्ट १९८५ रोजीं जपान एअर लाइन्सच्या त्या भयंकर विमान-अपघातांत, इतर ५१९ जणांबरोबर, मृत्यु पावला. त्याचें वय त्रेचाळीस होतें.

माझ्या पुतणीचें सर्वांत आवडतें गाणें मात्र याहून अलीकडचें, १९७९ सालचें आहे. मात्सुबारा मिकी या एकोणीस वर्षांच्या मुलीचें तें पहिलेंच गाणें. शब्द मिउरा योशिको यांचे, चाल हायाशि तेत्सुजी यांची. तें तेव्हां जपानांत बरें चाललें आणि यथाकाल मागें पडलें. १९८० च्या आगेंमागेंचीं हीं शहरी गाणीं पुढें इंटरनेटवरून जगभरच्या तरुणांच्या हातीं लागलीं, आणि २०२० च्या अखेरीस हें गाणें जगांतील लोकप्रियतेच्या याद्यांत शिखरावर जाऊन बसलें. माझ्या पुतणीनें गाइकेला पत्र लिहावें म्हणून पत्ता शोधला, तेव्हां तिला कळलें कीं मात्सुबारा मिकी ७ ऑक्टोबर २००४ रोजींच, चव्वेचाळिसाव्या वर्षीं, कर्करोगानें वारली. जगाचें कौतुक सोळा वर्षें उशिरा पोंचलें होतें.

त्या संध्याकाळीं पोर जेवली नाहीं. मीं समजूत घालावयास गेलों तर ती म्हणाली, ‘काका, मी लिहिणार होतें तें आतां कोणाला सांगूं?’ मीं तिला एक कोरी वही दिली. त्या वहींत ती आतां प्रत्येक गाण्यापुढें गाणाऱ्याचें खरें नांव, कवीचें नांव, चाल बांधणाऱ्याचें नांव आणि वर्ष लिहिते. आणि त्या वेळीं त्या माणसांवर काय गुदरलें होतें, तें कळल्यास त्याचीहि नोंद करते. माझ्या मतें ही वही म्हणजे इतिहासच आहे. इतिहास राजेरजवाड्यांचाच असावा असें थोडेंच आहे?

आरंभीं मीं ‘ऊमरा’ या नांवाचा उल्लेख केला होता. आमच्या जिल्ह्याचा कापूस परक्या नांवानें जपानांत गेला, आणि जपानचें गाणें परक्या नांवानें जगांत फिरलें. मोठ्या बाजाराची रीतच अशी आहे. त्याला माल हवा असतो, कर्ता नको असतो. बाजाराला आपण बदलूं शकूं असें नाहीं. परंतु श्रोत्याला एक गोष्ट सहज करतां येते. जें गाणें आपल्याला आनंद देतें तें कोणाचें आहे हें त्यानें विचारावें, आणि तें नांव नीट उच्चारावें. मेहकरच्या शेतकऱ्याचें नांव ओसाकाच्या त्या मुलींना कधीं कळलें नाहीं, आणि त्यांचीं नांवें त्याला कळलीं नाहींत. आज खामगांवच्या माडीवर बसून एक मुलगी जपानी नांवें एकेक अक्षर जुळवून लिहीत असते, तेव्हां त्या जुन्या देण्याघेण्यांत राहून गेलेलें कांहीं तरी, थोडेंसें कां होईना, फिटत आहे असें मला वाटतें.